बेटावर येणाऱ्यांसाठी सूचना

३ मार्च १९९८

पुन्हा तेच! वायरलेसवर राजधानीतल्या, तारावाच्या, पर्यटन कचेरीतली बाई — "तेरेंगाबाई, सूचना लिहून झाल्या का?"

कसल्या सूचना! वर्षातून पाच-सहा परदेशी येतात इथं, त्यातले दोन चुकून. पण कचेरीला पुस्तिका छापायची आहे. दूरच्या बेटांवर येणाऱ्या पाहुण्यांना उपयोगी पडेल अशी. आमच्या बेटाचं पान मी लिहायचं. का, तर पंचायतीचं अतिथिगृह मी चालवते आणि पूर्वी शाळेत शिकवायचे. म्हणजे मला लिहिता येतं, असा त्यांचा समज.

पहिली सूचना लिहिली — येऊ नका. मग खोडली.

५ मार्च

गुरुवारचं विमान गुरुवारी आलं! गावात याच्यावरच दिवसभर चर्चा.

उतरली एकच बाई. बिर्गित नाव. डेन्मार्कची. साठीची, उंच, उन्हानं शिजलेल्या खेकड्यासारखी लाल, अंगभर खिसे. आणि हिचा उद्योग काय — दूरदूरच्या बेटांवर कसं जावं, काय न्यावं, काय खाऊ नये, याची पुस्तकं लिहिणं! मला हसू आवरेना. म्हटलं, ये बाई, देवानंच पाठवलं तुला. माझं पान तूच लिही.

बाकोआनं नेहमीसारखी हातगाडी पुढं केली. इतकी वर्षं पाहुण्यांच्या बॅगा धावपट्टीवरनं तोच ओढून आणतो. तिनं बॅग दिली नाही. "मी आणि माझी बॅग कधी वेगळे होत नाही" म्हणाली. रिकामी गाडी ढकलत तो मागनं आला. वाटेत तिनं त्याला काहीतरी विचारलं. तो कुठला बोलायला! मीच सांगितलं — हा माझा नवरा, मासे पकडतो, समुद्र सोडून याला कशाची आवड नाही.

८ मार्च, रविवार

बिर्गितची टोपी गेली. विजेरी गेली. सपाता गेल्या.

चोरीला नाही. लोकांनी मागितल्या, तिनं दिल्या. आमच्यात कुणी तोंड उघडून मागितलं की नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणाऱ्याची लाज सात पिढ्या निघते. माझी नणंद रोरेती तर तयारच असते. चर्चमधनं बाहेर पडल्यापडल्या — "बाई, टोपी काय सुंदर आहे हो तुमची! मला द्या." झालं.

सूचना लिहिली — जे गेलं तर रडू येईल असं काही बरोबर आणू नये.

दुसरी पण लिहिली — भल्या पहाटे किनाऱ्यावर फिरायला जाऊ नये. गाव तिथं कशासाठी बसतं ते सभ्य भाषेत कसं लिहावं, सुचेना. बिर्गितला आज आपोआप कळलं.

१२ मार्च

विमान नाही. टायर.

१७ मार्च

आज हसून हसून पोट दुखलं!

बिर्गित अनवाणी, टोपीच्या जागी माझं जुनं फडकं बांधलेली, प्रार्थना संपल्यावर सरळ पाद्रीबुवांपुढं जाऊन उभी राहिली. सगळं गाव बघतंय. म्हणाली, "पाद्रीबुवा, तुमची सायकल फार सुंदर आहे. मला द्या."

पाद्रीबुवांचा चेहरा! बेटावर धड चालणारी एकच सायकल ती. शेवटी सायकल दिली. तोकाताके आजोबा — मनेआबात, म्हणजे आमच्या गावच्या सभेच्या मोठ्या छपराखाली, यांचा शब्द शेवटचा — इतके हसले की दोघांनी धरून बसवावं लागलं. म्हणाले, "ही आता आपली झाली!"

बाकोआ पण हसला. मोठ्यानं, मान मागं टाकून. कितीतरी दिवसांनी ऐकलं. मी वळून म्हटलं, एवढं काय झालं रे? तर लगेच गप्प.

१९ मार्च

विमान नाही. तेल संपलं. विमानातलं नाही, तारावाच्या विमानतळावरचं.

२२ मार्च

बिर्गित सायकलवरनं बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि परत येते. मग पुन्हा जाते. दुसरं करणार काय! दुपारी बाकोआच्या नावेपाशी बसते. तो जाळं विणतो, ती गाठी शिकते. त्याला इंग्रजीचे चार शब्द येतात, तिला आमच्या भाषेतले तीन. छान जमतं दोघांचं.

घरी मात्र हा तसाच. लेक लग्न होऊन तारावाला गेल्यापासून घरात दोघंच. मी बोलायचं, यानं बबाईचा कंद सोलत ऐकायचं. आज विचारलं, ती काय सांगते तुला एवढं? म्हणाला, "कुठं कुठं जाऊन आली ते."

म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं! तो म्हणाला, "नाही."

२६ मार्च

विमान नाही. या खेपेला मंत्र्यांनी नेलं. उत्तरेकडच्या शेजारच्या बेटावर मात्र ते ठरल्यासारखं उतरतं म्हणे. तिथं आमदाराचं घर आहे.

बिर्गितचं तारावाहून पुढचं विमान चुकलं. त्याच्या पुढचंही चुकणार. तिच्या पुस्तकात म्हणे स्पष्ट लिहिलं आहे, की अशा बेटांवर हातात वेळ ठेवून जावं, विमानाचा भरवसा धरू नये, चिडू नये. आज नारळाच्या झाडाला लाथ मारताना दिसली.

ही सूचना कुठल्याही पुस्तकात नाही — नारळाला लाथ मारू नये. दोन फळं पडली. एक तिच्यापासून हातभरावर.

३ एप्रिल

काल पुन्हा विमान नाही. कारण पण सांगितलं नाही.

संध्याकाळी बाकोआ आपण होऊन म्हणाला — उद्या बिर्गितला घेऊन बेटाभोवतीच्या खडकाच्या बाहेर जातो, मासे पकडायला. म्हटलं, जा, तिचं पण मन रमेल. मोठा कुप्पा मासा मिळाला तर घेऊन ये, रोरेतीकडं उद्या जेवण आहे. बरं म्हणाला.

बिर्गित आली. माझे दोन्ही हात धरले, डोळे भरले तिचे. "तेरेंगा, तू किती मोठ्या मनाची आहेस." एका दिवसाच्या मासेमारीसाठी! ही माणसं कशानं विरघळतील सांगता येत नाही.

४ एप्रिल

पहाटेच गेले. समुद्र तव्यासारखा सपाट. रोरेतीकडच्या जेवणाला कुप्पा नाही. तिचं तोंड फुगलं.

५ एप्रिल, रविवार

आले नाहीत.

इंजिन बिघडलं असेल. दुरुस्त करत बसला असेल. त्याचं नेहमीचंच — चार दोऱ्या आणि एक खिळा.

पश्चिमेकडं ओढ आहे पाण्याला.

६ एप्रिल

गावातल्या सगळ्या नावा बाहेर गेल्या आणि रिकाम्या आल्या. पंचायतीनं वायरलेसवरनं तारावाला कळवलं. शोध घेणारी सरकारी बोट दुरुस्तीला लागली आहे.

७ एप्रिल

आज विमान आलं!! मंगळवारी! कुणी न बोलावता! वैमानिक उतरला, हसत हसत — "कुठं आहे ती डॅनिश बाई? फार वाट बघायला लागली म्हणे तिला."

मी त्याला मारणार होते. रोरेतीनं मागनं धरलं.

तो भला माणूस निघाला. सगळं ऐकून घेतलं, विमान वर नेलं, पश्चिमेकडं तेल पुरेल तितका वेळ फिरला. मग परत आला. जाताना टोपी काढून हातात धरली होती.

१२ एप्रिल, ईस्टर

पाद्रीबुवांनी त्याचं नाव प्रार्थनेत घेतलं. 'संकटात असलेल्यांसाठी' यात. अजून 'गेलेल्यांसाठी' यात नाही.

चर्चच्या बाहेर बायका बोलत होत्या, मी आले की गप्प. शेवटी रोरेतीनंच ऐकवलं. सख्खी बहीण त्याची! म्हणाली, "वहिनी, राग मानू नकोस. पण तिची बॅग पण गेलीये. मासे पकडायला कुणी बॅग नेतं?"

म्हटलं, ती संडासला जाताना पण बॅग नेते!

"आणि तेलाचे दोन मोठे डबे नेले त्यानं. एका दिवसाला?"

मी म्हटलं, काय म्हणायचंय तुला?

"मला नाही, लोक म्हणतात. टोपी मागितली तर तिनं दिली. सायकल मागितली तर पाद्रीबुवांनी दिली. आता तिनं तुझा नवरा मागितला असेल, आणि तो स्वतःलाच देऊन बसला असेल!"

तिला एक ठेवून दिली. ईस्टरच्या दिवशी, चर्चच्या दारात, त्या डॅनिश टोपीसकट. टोपी लांब जाऊन पडली. बाकोआ! या वयात! त्या खेकड्याबरोबर! ज्याला मी उठ म्हटल्याशिवाय उठता येत नाही तो बाई घेऊन पळेल?

१५ एप्रिल

पाऊस झाला. जोरात. गावातल्या टाक्या भरल्या. सगळे म्हणाले, बरं झालं. मी पण म्हटलं. पावसाचं पाणी पिता येतं. त्यांच्याकडं ताडपत्री आहे.

होती.

१८ एप्रिल

तारावाहून वायरलेस. मी धावत गेले. चप्पल वाटेत तुटली. पर्यटन कचेरी! पुस्तिका छपाईला जायची आहे, आपल्या बेटाचं पान बाकी आहे. मुख्यतः नावेतून करायच्या सहलींविषयी लिहावं, पाहुण्यांना त्या आवडतात.

मी म्हटलं, हो.

१९ एप्रिल, रविवार

आज एक विचार मनात आला आणि गेला नाही.

रोरेतीचं म्हणणं खरं असलं तर तो जिवंत आहे.

म्हणजे कुठल्यातरी बेटावर, कुठल्यातरी घरात, सावलीत बसून ताडी पितोय. ती लाल बाई त्याला आणखी देशांची नावं सांगतेय. तो मान मागं टाकून हसतोय. हलकट.

चर्चमध्ये सगळे त्याच्यासाठी डोळे मिटून बसले होते आणि मी देवाला म्हणत होते — पळालेला असू दे. बाप्पा, तो तिला घेऊन पळालेला असू दे!

२३ एप्रिल

पाद्रीबुवा आणि तोकाताके आजोबा घरी आले. चटईवर बसले. बराच वेळ नारळाच्या भावावर बोलले. मग आजोबा म्हणाले, "पोरी, उद्या मनेआबात बसू. त्याच्यासाठी शेवटची प्रार्थना करू. वेळ झाली."

मी त्यांना चहा दिला.

२४ एप्रिल

मनेआबा भरलं होतं. सगळे आपापल्या जागी, खांबाखांबाला टेकून. बाकोआची जागा मोकळी. पाद्रीबुवांनी बायबल उघडलं आणि मी उभी राहिले. बाईनं तिथं उभं राहायचं नसतं, बसूनच बोलायचं असतं. राहिले.

म्हटलं, "प्रार्थना नको. तो मेला नाही. तो त्या बाईला घेऊन पळाला."

मग मला आवरता येईना. म्हटलं, मला आधीपासून ठाऊक होतं. जायच्या आदल्या दिवशी केसाला तेल लावत होता. शिट्टी वाजवत होता. मी डोळ्यांनी बघितलं दोघांना, नावेच्या आडोशाला. सगळं सांगितलं. सगळं खोटं! शाळेत पोरांना गोष्टी सांगायचे तशी सांगत गेले, आणि ऐकता ऐकता पाद्रीबुवांनी बायबल मिटलं.

तोकाताके आजोबा माझ्याकडं बघत राहिले. म्हातारा मूर्ख नाही. सावकाश म्हणाले, "पळालेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. बायको म्हणते पळाला, तर पळाला. या सभेत बोललं ते बोललं."

बाहेर आल्यावर रोरेती गळ्यात पडून रडली. "माझं तोंड जळो वहिनी, मी उगाच म्हटलं होतं!"

मी म्हटलं, नाही गं. तूच बरोबर होतीस.

२९ एप्रिल

आता गावात माझी कीव करतात. बबाई आणून देतात, मासे आणून देतात. मेल्या नवऱ्याच्या बायकोपेक्षा सोडलेल्या बायकोला जास्त मिळतं असं दिसतं. कुणी विचारलं की मी आणखी थोडं सांगते. काल पाणवठ्यावर सांगितलं, तो तिला 'माझा चंद्र' म्हणायचा.

मला कधी नावानं पण हाक मारली नाही त्यानं. 'ऐकतेस का' म्हणायचा. बहुतेक वेळा ते पण नाही.

सांगून घरी आले की गोष्ट खरी वाटत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावी लागते.

६ मे

जिवंत!!

दोघंही. मासेमारीच्या एका परदेशी जहाजानं उचललं आणि सॉलोमन बेटांवरच्या एका बंदरात उतरवलं. वायरलेसवाला ओरडत रस्त्यानं आला. मी चुलीपुढं होते. चुलीवरचं तसंच टाकून पळाले.

७ मे

इंजिन बंद पडलं होतं. पावसाचं पाणी आणि कच्चे मासे, एवढ्यावर राहिले. बिर्गित तिथूनच तिच्या देशाला गेली, तिच्या वकिलातीनं नेलं. बाकोआकडं कागदपत्रं काहीच नाहीत. म्हणून त्याला तिथं बसवून ठेवलं आहे. कोण आहे, कुठला आहे, ते आधी सिद्ध करा म्हणे. मासा असता तर शिक्का मारून लगेच पाठवला असता.

पाद्रीबुवा सायकल शोधून पुसताना दिसले.

४ जून

आला. विमानानं. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला. उतरला आणि सवयीनं हातगाडीकडं गेला.

केवढा वाळलाय! कानाच्या पाळ्या सोलल्यात. सगळं गाव धावपट्टीवर, गाणी, फुलांच्या माळा, रोरेती त्याला सोडेना. मी काय करायचं ते मला कळेना. मी त्याची माळ सरळ केली.

सगळे विचारत होते, कसं झालं, काय खाल्लं, किती मोठे शार्क होते. तो इकडंतिकडं बघायला लागला. मीच सांगितलं सगळ्यांना — वायरलेसवर कळलं तेवढं. बाकीचं अंदाजानं.

९ जून

मनेआबात बोलावणं. भीती होती तेच! तोकाताके आजोबांनी विचारलं, "बाकोआ, तू परक्या बाईला घेऊन पळालास, असं या सभेत बोललं गेलंय. खरं का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी चटईकडं.

म्हणाला, "कोण म्हणालं?"

"तुझी बायको."

मग तो म्हणाला, "ती म्हणाली असेल तर तसंच."

मी ओरडले, नाही हो, मी खोटं बोलले! प्रार्थना होऊ नये म्हणून बोलले! आजोबांनी हात वर केला. "तेव्हा उभी राहिलीस, आता बस. सभेत बोललं ते बोललं." दंड — एक मोठं डुक्कर, आणि डुक्कर सगळ्या गावानं मिळून खायचं. म्हातारा बोळक्या तोंडानं हसत होता. जिवंत नवऱ्याची मेजवानी हवी होती त्याला, दुसरं काही नाही.

खाल्लं सगळ्यांनी. बाकोआनं पण. चांगलं शिजलं होतं.

वाटेत त्याला म्हटलं, रागावलास? मला मेलेला नवरा नको होता, म्हणून म्हटलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. घर येईपर्यंत तसाच होता. लग्नाच्या दिवसानंतर पहिल्यांदा.

१४ जून, रविवार

सूचनांचं पान लिहून टाकलं एकदाचं. विहिरीचं पाणी उकळून प्यावं. मनेआबात ताठ उभं राहून चालू नये. खडकाजवळचा मासा विषारी असू शकतो, कुणालातरी विचारून खावा. धावपट्टीवर बॅगेबरोबर माणसाचंही वजन करतात, लाजू नये. रविवारी काही काम काढू नये. शेवटी लिहिलं — इथली माणसं सरळ आणि मनमोकळी आहेत, पोटात एक ओठात एक असं त्यांचं नसतं.

मोठ्यानं वाचून दाखवलं बाकोआला. जाळं विणत होता. म्हणाला, "छान आहे."

२१ जून, रविवार

आज दुपारी जेवण झाल्यावर तो आपण होऊन बोलला. विचारलं नव्हतं मी काही. ते मासे पकडायला गेलेच नव्हते. बिर्गितला उत्तरेच्या बेटावर विमानासाठी सोडायचं, आणि तिथनं खोबरं नेणाऱ्या जहाजावर चढून आपण पुढं निघून जायचं, असं ठरवलं होतं त्यानं. कुठं ते ठरलं नव्हतं. परत यायचं नव्हतं एवढं नक्की. बिर्गितला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं मीच तिच्यासाठी नाव आणि नवरा दिला, एका दिवसापुरता. इंजिन अर्ध्या वाटेत बंद पडलं म्हणून सगळं फिसकटलं.

मी म्हटलं, मग मला सांगायचंस तरी.

तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तूही आली असतीस."